देगीवरचं सील

ती कंदुरी मला आजही आठवते, आणि आठवली की आधी एक कबुली द्यावी लागते. त्या प्रकरणात ज्या माणसाला मी दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं, त्याचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला तीन वर्षं झाली. हे खरं तर प्रकरण घडलं तेव्हाच लिहायला हवं होतं, आणि तेही केस डायरीत.

मी तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. सलग दुसऱ्या वर्षीचा दुष्काळ. माळावर जनावरांची छावणी, गावोगाव पाण्याचे टँकर, आणि त्यातच एका गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागलेली. दूध आटलं होतं, पण निवडणुकीचा जोर आटला नव्हता.

मतदानाला दोन दिवस उरले असताना संध्याकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही. एक उमेदवार छावणीजवळच्या दर्ग्यापाशी मतदारांना मटण खाऊ घालतोय, एवढंच सांगून फोन ठेवला. मी हवालदाराला आणि एका शिपायाला घेऊन जीपनं निघालो. तिथं साठेक माणसं पंगतीच्या तयारीनं बसली होती. चुलीवर भली मोठी तांब्याची देग, तिच्यात मंद आचेवर रस्सा शिजत होता. उमेदवार म्हणाला, ही नवसाची कंदुरी आहे. छावणीत दोन्ही म्हशी जगल्या तर बोकड देईन, असं त्याच्या आईनं पिराला बोलून ठेवलं होतं. आमच्याकडं हिंदू घरंही पिराला कंदुरी करतात, त्यात नवल नव्हतं. पण खरं-खोटं करायला मी थांबलो नाही. पंगत उठवली, देग मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतली, झाकण फडक्यानं आवळून बांधलं आणि लाखेचं सील लावलं. शेजारी कडब्याच्या गंजी होत्या, म्हणून चुलीत टँकरच्या पाण्याचे दोन हंडे ओतायला लावले. बायका त्या पाण्याकडं बघत राहिल्या. शिजत्या देगीला सील लावावं असं कोणत्याही नियमात नव्हतं. मला लोकांसमोर ठाम दिसायचं होतं, एवढंच.

स्वयंपाक करणारा भटारी साठीच्या जवळ आलेला. आसपासच्या गावांतली लग्नं आणि कंदुऱ्या त्याच्याच हातच्या. सगळे त्याला चाचा म्हणत. हंडे ओतायच्या आधीच तो पुढं आला होता.

"सायब, इस्तू इझवू नका. लई मोठी देग हाय, रातभर आतून कोमट ऱ्हाईल. एक तर खाली आच ऱ्हाऊ द्या, न्हाईतर परातींत काढून गार करतो. असं कोंडून ठेवलं तर सकाळी खायच्या कामाचं न्हाई."

"मला स्वयंपाक शिकवू नको," मी म्हणालो.

शिपाई पहाऱ्यावर ठेवून मी परत आलो. सकाळी दर्ग्याच्या मुजावराकडं आणि गावातल्या तिघा वडीलधाऱ्यांकडं विचारपूस केली. नवस खरा होता, बोलावलेले बहुतेक भावकीतलेच होते. पंचांसमोर सील शाबूत असल्याची खात्री करून देग उघडली. वास चांगला येत होता. चाचानं वाकून पाहिलं, देगीला हात लावला आणि मान हलवली. फेकून द्या, म्हणाला. उमेदवार तयार होईना. असल्या दिवसांत दुसरा बोकड कुठून आणायचा? मग चाचा म्हणाला, निदान दोन तास खळखळून उकळू द्या. मला बंदोबस्ताच्या बैठकीला जायचं होतं. अर्ध्या तासात आटपा आणि जागा मोकळी करा, असं सांगून मी निघालो. ओल्या चुलीवर देग जेमतेम गरम झाली आणि लोक जेवले.

त्याच दिवशी दिवेलागणीपासून पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. चाळीसजण ग्रामीण रुग्णालयात आले. सुदैवानं कुणी दगावलं नाही, तिसऱ्या दिवशी सगळे घरी गेले. पण गावात बोललं जाऊ लागलं होतं की विरोधी पॅनलनं भटाऱ्याला हाताशी धरून देगीत काहीतरी घातलं. ठाण्यात पुन्हा एक निनावी फोन आला, तोही हेच सांगणारा. मी चाचाला आणायला गेलो तो आठवडी बाजाराचा दिवस होता. जीप बाहेर उभी करून मी त्याला भर बाजारातून चालवत ठाण्यात आणलं. त्याची काही गरज नव्हती.

चौकशीत मी हात उचलला नाही, पण तेवढंच. फरशीवर बसवलं, तेच प्रश्न दहादा विचारले. "खरं सांग बे, कुणी काय दिलं होतं?" असं वडिलांच्या वयाच्या माणसाशी बोललो. त्याचं उत्तर दर वेळी एकच. खोटं बोलणारा माणूस सांगताना प्रत्येक वेळी थोडी भर घालतो, हे मी नोकरीत शंभरदा पाहिलं होतं. हा एक शब्दही वाढवत नव्हता. ते माझ्या लक्षात येत होतं, पण मला लक्षात घ्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मला आत टाका, हरकत न्हाई. पण जहर घातलं म्हणू नका. पुन्हा माझ्या हातचं कोण खाईल?"

त्या दुपारी हवालदार टेबलापाशी येऊन घुटमळायला लागला.

"साहेब, एक सांगायचं राहिलं. सील लावायच्या आधी मी डबा भरून घेतलता."

"कशाचा डबा?"

"मटणाचा. वाया जाईल म्हणून. घरी जाऊन दोघांनी लगेच खाल्लं. काय झालं न्हाई. उलट बायको म्हणाली, चाचाला मसाला इचारून या."

दुसरी वेळ असती तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. पण मी पुढचा हिशेब मांडत बसलो. संध्याकाळी रस्सा चांगला होता. सकाळी वाईट होता. मधल्या काळात देगीवर माझं सील होतं आणि पहाऱ्यावर माझा शिपाई. आत जे काही झालं, ते आमच्या ताब्यात असताना झालं होतं.

मी रुग्णालयात गेलो. तिथं अंबाजोगाईला शिकून आलेल्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, रस्सा रात्री कसा ठेवला होता? मी सांगितलं. मग त्यांनी समजावलं की काही जंतू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत. एवढ्या मोठ्या भांड्यात रस्सा झाकून ठेवला की आतला भाग रात्रभर कोमट राहतो आणि त्या कोमटपणात ते भराभर वाढतात. वास बदलत नाही, चव बदलत नाही. रस्सा एक तर कडक गरम ठेवायचा, नाहीतर पसरट भांड्यांत थोडा थोडा काढून लवकर गार करायचा. रात्रभर कोमट राहिलेलं अन्न मग कितीही उकळलं तरी खायचं नाही, टाकून द्यायचं. चाचानं मला दोन वाक्यांत हेच सांगितलं होतं.

चाचाला मी त्याच संध्याकाळी सोडलं. पुढं प्रयोगशाळेच्या अहवालातही विष निघालं नाही. मी कागद बंद करताना लिहिलं, "रात्रभर ठेवलेले अन्न सेवन केल्याने त्रास झाला, घातपात नाही." प्रत्येक शब्द खरा होता. पण अन्न रात्रभर कुणी ठेवलं, हे मी लिहिलं नाही. मग लोकांनी ते आपल्या मनानं भरलं. भटाऱ्यानं शिळं खाऊ घातलं, असं गावोगाव झालं. दोन लग्नसराया त्याला त्या भागात कुणी बोलावलं नाही. हे मला कळत होतं आणि मी बदली होईपर्यंत गप्प राहिलो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. ज्याचं आयुष्य एका कामात गेलंय, तो त्या कामाबद्दल बोलत असेल तर गणवेशातल्या माणसानं आधी ऐकावं. माझ्या घरात आता आमटी उरली तर मी स्वतः ती ताटांत पसरून गार करतो आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवतो. बायको हसते. हसू दे.

गेल्या हिवाळ्यात मी त्या गावी गेलो, मुद्दाम बाजाराच्या दिवशी. चाचा थकलाय, पण त्याचं बरं चाललंय. दुसऱ्या तालुक्यांतल्या लोकांनी त्याला बोलवायला सुरुवात केली, मग हळूहळू इकडच्यांनीही. आता कामाला जावई असतो, हा खुर्चीवर बसून मीठ-तिखट सांगतो. चहाच्या टपरीवर त्यानं मला लांबून ओळखलं. "या फौजदारसायब. आज जीप न्हाई आणली?" म्हणाला, आणि बाकावर सरकून जागा केली. मी घरी जाऊन बोलू म्हणालो नाही. ज्या बाजारातून त्याला चालवत नेलं, तिथंच बोलायचं ठरवून आलो होतो. टपरीवर दहा-बाराजण होते. मी बसलो नाही. उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"त्या कंदुरीच्या देगीला सील मी लावलं होतं. विस्तव मी विझवला. चाचा नको म्हणत होते, सकाळी फेकून द्या म्हणत होते. मी ऐकलं नाही. माणसं आजारी पडली ती माझ्यामुळं, आणि नाव यांचं गेलं. चाचा, मी चुकलो. मला माफ करा."