उरलेल्यांचा चुरा

त्या माणसाचे हात आठवले की अजूनही माझं डोकं फिरतं. मी भूगर्भशास्त्र शिकवते. तो खनिजांचे नमुने विकणारा; पनवेलजवळच्या दगडखाणीत एकदाच भेटला. कातळाच्या पोकळीतल्या पांढऱ्या स्फटिकांवर त्याने किती हळुवार फुंकर मारली! अ‍ॅसिडचा थेंब टाकला, फेस आला नाही; म्हणजे नेहमीचं कॅल्साइट नव्हतं. मग एक स्फटिक काढून तळहातावर तोलला.

"केवढा जड आहे! बराइट खनिजच. इकडे क्वचितच मिळतं."

तो स्फटिक त्याने कापसात गुंडाळला आणि हातोडीने उरलेल्यांचा चुरा केला.

"अहो, वेड लागलंय का तुम्हाला?" मी ओरडले.

तो हसला. "मॅडम, सगळ्यांना मिळालं तर दुर्मिळ कसलं?"

आता तो स्फटिक कुणाच्या तरी काचेच्या कपाटात असेल, खाली लेबल असेल: 'अतिदुर्मिळ'. तो दुर्मिळ कुणी केला, हे मात्र त्यावर लिहिलेलं नसणार.