बिल कुणाचं उडतं

मी स्वभावाने संशयी आहे आणि माझं पोट त्यावरच चालतं. दुकानांतली बिलिंगची सॉफ्टवेअर रुसली की लोक मला बोलावतात. "मॅडम, आम्ही काही केलं नाही, आपोआप झालं," हे वाक्य मी इतकं ऐकलंय की ते कानावर पडलं की मी आधी बोलणाऱ्याचा चेहरा बघते. घरीही माझा हाच खाक्या. दूधवाला नेहमीपेक्षा लवकर आला तर उद्या त्याला दांडी मारायची असणार असं मला वाटतं. नवरा स्वतःहून चहा करायला उठला तर तो काय सांगणार आहे, याचा मी अंदाज बांधायला लागते.

त्यामुळे नवी पेठेतल्या एका कापड दुकानाच्या मालकांनी फोनवर "बिलं उडतात मॅडम, पण एकाच काउंटरवर" असं सांगितलं, तेव्हा माझे कान टवकारले. यंत्र माणूस बघून बिघडत नाही. एकाच माणसाकडे बिघडत असेल, तर यंत्र सोडून त्या माणसाकडे बघावं, अशी माझी पक्की समजूत होती.

दुकान आहेराचं. टॉवेल, टोप्या, उपरणी, खण, साड्या, चादरी, लग्नाला लागणारं सगळं एका छताखाली. लग्नसराई ऐन भरात होती आणि पायऱ्यांवर चपलांचा ढीग पडला होता. मालक साठीचे, कपाळावर विभूती, बायकोशी फोनवर कन्नडमध्ये बोलणारे आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"बघा की मॅडम. बिल टाईप करत्यात, टाईप करत्यात आणि एकदम गायब. गिऱ्हाईक गडबडीत असतंय, ते माल घेऊन जातंय, आणि बिलाचा पत्ता न्हाई. बाकीच्या काउंटरला असलं कधी होत न्हाई."

काउंटरवर बसणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. नवरा गेल्यापासून या दुकानात होत्या आणि आहेराची मोठी बिलं त्याच करत. मालकांनी पुढे सांगितलं ते मला महत्त्वाचं वाटलं. अक्कांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. "घरात आहेर लागणारच की. मी काय म्हणत न्हाई काही, पण डोळे मिटून कसं बसायचं?" काउंटरच्या बरोबर वर त्यांनी नवा कॅमेरा लावला होता. लग्नसराई संपली की त्या बाईला घरी बसवायचं हे त्यांच्या मनात ठरलेलंच होतं. माझ्याकडून त्यांना फक्त कॉम्प्युटरमध्ये दोष नाही एवढं हवं होतं.

तिथे माझा संशय फिरला. हा माणूस मला दुरुस्तीला बोलावतोय की साक्षीला? मुलीचं लग्न तोंडावर आलेल्या बाईला चोर ठरवून काढायचं, आणि तेही माझ्या तोंडून. मला ते आवडलं नाही. पण म्हणून अक्कांवर विश्वास बसला, असंही नाही.

अक्का समोर बसून बोलल्या तेव्हा त्यांची नजर एकदाही वर कॅमेऱ्याकडे गेली नाही. "लाल डबा येतंय मॅडम. काहीतरी इंग्रजी. मग सगळं पुसून जातंय. मी परत टाकते. पण गिऱ्हाईक थांबत न्हाई. मालकांना सांगितलं तर म्हणत्यात, तुमच्याच हाताला कसं होतंय." कोरड्या आवाजात बोलत होत्या. कोरडेपणा खरा की सवयीचा, हे मी ताडत होते.

आता डेटाबेस म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. दुकानातला प्रत्येक माल, त्याची शिल्लक, हे सगळं एका मोठ्या कॉम्प्युटरमध्ये असतं आणि सगळी काउंटरं तिथूनच वाचतात, तिथेच लिहितात. एखादी चूक झाली की त्याची नोंद तिथे राहते. मी ती नोंद उघडली. अक्कांनी सांगितलेल्या लाल डब्यांच्या वेळा तिथे होत्या. म्हणजे बाई निदान डब्याबद्दल खोटं बोलत नव्हती. पण दर वेळी तिच्या कॉम्प्युटरबरोबर आणखी एका कॉम्प्युटरचं नाव होतं, आणि तो गोडाऊनचा होता. दुसरा कुठलाच नाही. दर वेळी हीच जोडी.

माझ्यासारख्या बाईच्या मनात यावरून काय येणार? गोडाऊन सांभाळायचा मालकांचा मेव्हणा, वळसंगचा. मालकांना त्याच्याबद्दल शंका येणं शक्यच नव्हतं, तो घरचा. इकडे काउंटरवर बिल उडतं, त्याच क्षणी तिकडे गोडाऊनमधून माल निघतो. दोघांचं साटंलोटं आहे की काय? मी ते मालकांना बोलले नाही. अर्धवट संशय मालकांच्या हातात देणं म्हणजे काय, हे मी त्या आतल्या खोलीत पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अक्कांच्या शेजारी स्टूल टाकून बसले. सांगोल्याहून आलेलं एक मोठं कुटुंब होतं. बिल सुरू करताना अक्कांनी गिऱ्हाइकाला विचारलंच नाही. सगळ्यात आधी हिरवा खण टाकला.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"देवाचा. आहेराच्या बिलात पहिला देवाचा खण. इथली पद्धत हाय. मालकांच्या वडिलांपासून." मग टॉवेल-टोप्या, मग साड्या, आणि सगळ्यात शेवटी चादरी. चादरींचे आकडे घालता घालता पडदा थिजला. घड्याळाचं चिन्ह गोल फिरत राहिलं आणि लाल डबा आला. बिल साफ. अक्कांनी हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले, मला दिसावेत असे. आता मात्र मला वाईट वाटलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला आपले हात दाखवून बसावं लागतंय.

मी तडक अक्कलकोट रोडला गोडाऊनवर गेले. मेव्हणा टेम्पोत माल भरून घेत होता. गावोगावच्या दुकानदारांना जाणारा माल. भरता भरता तो एका हाताने नोंद करायचा. चादरींचे गठ्ठे जड, म्हणून ते टेम्पोत तळाला आणि नोंदीतही आधी. मग साड्या, मग टॉवेल. खणांची पेटी चुरगळू नये म्हणून सगळ्यात वर, म्हणून नोंदीत सगळ्यात शेवटी.

"तुमच्याकडे कधी अडकतं का?"

"व्हय, अडकतंय की. जरा वेळ नुस्तं फिरतंय आन् मग आपोआप सुटतंय."

"कुणाला सांगितलं नाही?"

"माझं तर सेव्ह होतंय. सांगायचं काय त्यात?"

मला त्याचा राग आला. त्याचं काम सुटतं त्याच क्षणी तिकडे कुणाचं तरी बुडतं, हे त्याला ठाऊक नसेल. पण अक्कांवर आळ आलाय हे त्याला नक्की ठाऊक होतं. घरात रोज तेच बोलणं चालत असणार.

झालं होतं असं. हे सॉफ्टवेअर बनवणारा कधीच पुण्याला निघून गेला होता. त्याने ते असं रचलं होतं की बिलात जो माल टाकाल, त्याची नोंद बिल पुरं होईपर्यंत तुमच्या ताब्यात. दुसऱ्याने थांबायचं. अक्का देवाचा खण ताब्यात घेऊन चादरीपर्यंत यायच्या. मेव्हणा चादर ताब्यात घेऊन खणापर्यंत जायचा. मधल्या साड्या-टॉवेल दोघांचे वेगवेगळे, म्हणून तिथे गाठ पडायची नाही. अक्कांना चादर हवी, ती त्याच्याकडे. त्याला खण हवा, तो अक्कांकडे. हातातलं कुणी सोडायचं नाही आणि समोरचं मिळायचं नाही. याला डेडलॉक म्हणतात. दोघांना वाट बघायला ठेवलं तर बघतच राहतील, म्हणून डेटाबेस एकाची सगळी मेहनत पुसतो आणि दुसऱ्याला वाट करून देतो. ज्याचं काम पुसणं सोपं, म्हणजे ज्याने कमी लिहिलंय, त्याचा बळी. अक्कांचं एका लग्नाचं बिल आणि मेव्हण्याचा अख्खा टेम्पो. दर वेळी कुणाचं उडणार हे उघड होतं. गोडाऊनचा कॉम्प्युटर याला जोडला त्यानंतरच हे सुरू झालं होतं, पण मालकांना त्याच सुमाराचं अक्कांच्या मुलीचं लग्न तेवढं आठवत होतं. आणि बाकीच्या काउंटरवर सुटे टॉवेल नाहीतर एखादी साडी विकली जायची. एकच वस्तू घेणारा असा अडकत नाही.

मी दुरुस्ती केली. अक्कांनी देवाचा खण पहिला टाकावा, मेव्हण्याने चादरी आधी टाकाव्यात, त्यांच्या पद्धतीला मी हात लावला नाही. टाईप करेपर्यंत कुठलीच नोंद अडवायची नाही असं केलं. बिल सेव्ह करताना सॉफ्टवेअर सगळा माल आधी क्रमांकाने लावून घेतं आणि त्याच एका क्रमाने नोंदी ताब्यात घेतं, दोन्हीकडे सारखंच. दोघं एकाच बाजूने चालले की एक मागे थांबतो, पण एकमेकांना अडवून बसत नाही. ताबाही डोळ्याची पापणी लवेपर्यंतच. आणि तरीही एखादं बिल पुसलं गेलंच, तर ते गुपचूप पुन्हा टाकायचं, लाल डबा न दाखवता. लग्नसराईचे उरलेले दिवस मी नोंद तपासत राहिले. एकही बिल उडालं नाही.

मी खुशीत मालकांकडे गेले. सगळं सांगितलं, कागदावर बाण काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "उडायचं थांबलं हे बरं झालं. कॅमेरा लावल्यापासून सावध झाली ती."

माझा पारा चढला. संशय मला नवा नाही, पण हा असला संशय मी पाहिला नव्हता. बिल उडालं तरी ती चोर, नाही उडालं तरी ती चोर. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "काका, सुट्टीच्या दिवशी दुकान उघडा. मेव्हण्यांना बोलवा. अक्कांनाही."

जुनं सॉफ्टवेअर मी दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर पहिल्यासारखं चढवलं. दुकानाच्या खऱ्या हिशेबाशी त्याचा संबंध नव्हता. अक्कांच्या खुर्चीवर मालकांना बसवलं, कॅमेऱ्याखाली. समोरच्या टेबलावर मेव्हणा, एका टेम्पोची जुनी यादी घेऊन. अक्का दारापाशी उभ्या राहिल्या, पदर खांद्यावर घट्ट धरून. मी दोघांनाही म्हटलं, रोजच्यासारखं टाका, एकमेकांशी बोलू नका.

मालकांनी हात जोडले आणि देवाचा खण टाकला. मग टॉवेल. मेव्हण्याच्या चादरी चालल्या होत्या, एकेका रंगाच्या, एकेका मापाच्या. मालक साड्यांवर आले, मग चादरीवर. पडदा थिजला. ते माऊस हलवत राहिले. मेव्हणा खणापाशी पोचला आणि मालकांपुढे लाल डबा आला.

मालकांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग समोर. त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते मी लगेच ओळखलं.

"तू काय दाबलंस?" त्यांनी मेव्हण्याला विचारलं.

"मी काय न्हाय दाजी. चादरी घातल्या, खण घातला."

"मग माझंच कसं गेलं? तुझं बरं राहिलं? तू मुद्दाम केलंस."

मेव्हण्याचा चेहरा उतरला. त्याने हात टेबलावरून उचलले आणि काय करावं न कळून मांडीवर ठेवले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"त्यांनी काय केलं न्हाई मालक," अक्का म्हणाल्या. "बिल असंच जातंय."

अक्कांसाठी हे एक वाक्य मेव्हणा इतक्या दिवसांत कधी बोलला नव्हता. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. मालकांनी लाल डबा बंद करायचा प्रयत्न केला, तो होईना, मग माऊस सोडून दिला. ते अक्कांना म्हणाले, "उद्या जरा लवकर या. मोठी पार्टी येणार हाय."

"येते की," अक्का म्हणाल्या. चपला घालता घालता त्यांनी पहिल्यांदा मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "पण त्याच्याखाली बसणार न्हाई."

मालक खुर्चीवरून उठून बाजूला झाले. मेव्हणा उठला, आतून स्टूल घेऊन आला आणि वर चढून कॅमेऱ्याची वायर सोडवायला लागला.