सुंगधाचे सहाशे रुपये

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अनुस्वार भलत्याच अक्षरावर पडतो आणि अक्षर तर शेणावर कोंबडी चालून गेल्यासारखं. कुणी वाचलंच तर समजून घ्यावं.

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. केळशीत येऊन मला पंचवीस वर्षं झाली. माडांच्या बागेतून एकटी येते-जाते, मला कधी काही दिसलं नाही. हे भूत होतं असंही मी म्हणत नाही… जे झालं ते लिहिते.

मुलगी लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या अर्ध्या कोऱ्या वह्या उरल्या. दुपारी काम आटपलं की मी त्यात लिहायची. घरात मी आणि माझी धाकटी जाऊ वैशाली, दोघींचे नवरे मुंबईला. वैशाली दिवसभर काजूच्या फॅक्टरीत असते. ती दहावी पास, म्हणून वहीचं तिलाही सांगितलं नव्हतं. हसली असती.

गोष्ट एका बाईची होती. नाव सुगंधा. मी ते पहिल्या पानापासून 'सुंगधा' लिहीत होते, पण ते चुकतंय हे मला माहीत नव्हतं. तिचा नवरा गेला, दिरांनी बाहेर काढलं, पिशवी घेऊन ती दापोली स्टँडवर येऊन बसली. जवळ गाडीखर्च नाही. तिथे मी थांबले. पुढे सुचेना.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवायला बसले तर घास जाईना. ती तिकडे उपाशी… आणि तिला तिथे बसवलेली मीच. मनाला समजावलं की ही बाई खरी नाही. तरी भात पानात तसाच राहिला. वैशालीने विचारलं, बरं नाय काय? मी पित्त झालंय म्हटलं. तिसऱ्या दिवशीही तेच.

मग मी लिहिलं, की मी स्वतः स्टँडवर गेले आणि तिला सहाशे रुपये दिले. पण नुसतं लिहून देणं फसवल्यासारखं वाटलं. कपाटात वैशालीचे पैसे होते. चष्म्यासाठी जमवून तिने माझ्याकडे ठेवायला दिलेले, दोनशेच्या तीन नोटा. त्या मी त्या पानात घातल्या, वही मिटली, तांदळाच्या डब्यात ठेवली आणि विहिरीवर गेले. परत आल्यावर काढून ठेवणार होते.

आले तेव्हा बाहेरची कडी तशीच, डबा तसाच, वही तशीच. नोटा नव्हत्या. डबा सुपात उपडा करून दाणा न् दाणा बघितला.

वैशालीला काय सांगणार? वहीचं सांगायचं तर लाज, नाही सांगायचं तर चोर. हरवले, एवढंच म्हटलं. ती भांडली नाही.

"पैशांना काय पाय फुटले, वैनी?"

त्यानंतर ती कामापुरतं बोलायची. कपाटाची किल्ली माझ्याकडून मागून घेतली. ते मला फार लागलं. वहीला मी परत हात लावला नाही.

ही शिमग्याच्या आधीची गोष्ट. वैशाखात दापोलीच्या गाडीचा कंडक्टर गाडी थांबते तिथल्या टपरीवर एक पुडी ठेवून गेला, वर माझं नाव. आमच्याकडे सामान असंच येतं, त्यात नवल नाही. आत दोनशेची नोट, मूठभर आमसुलं — उसनं रिकाम्या हाताने परत करत नाहीत, तशी — आणि कागद. 'बाकीचे देते. सुंगधा.'

कागद वैशालीने माझ्या हातातून घेतला.

"ही कोण, वैनी? स्वतःचं नाव पण लिवता येत नाय हिला."

बऱ्याच दिवसांनी ती हसली. अनुस्वार 'ग'वर हवा, हे तिने बोटाने दाखवलं. ओळखीची आहे, एवढंच मी म्हटलं. ती कामावर गेल्यावर वही काढली. छत्तीस पानांवर तसंच होतं. बसून एकेक खोडून नीट केलं.

पुढे रोज दापोलीच्या गाडीला मी टपरीवर जाऊन उभी राहायची. पंधरा दिवसांनी त्याच कंडक्टरने दुसरी पुडी हातात दिली. बाई कशी होती, विचारलं. गर्दीत त्याने नीट बघितलं नव्हतं.

"म्हणाली, तीन दिवस स्टँडवर बसून होते, ह्या बाईनी गाडीखर्च दिला."

तीन दिवस वहीत कुठेच नाहीत. वहीत ती बसते आणि पुढच्याच ओळीत मी येते. मधले तीन दिवस फक्त मी काढले होते. कुणी चोरून वही वाचली म्हणावं, तर हे त्याला कसं कळावं? मला अजून काही उलगडलेलं नाही.

पुडीत आमसुलं होती, दोनशेच्या दोन नोटा होत्या आणि कागद. 'फिटले. सुगंधा.' ह्या वेळी नाव बरोबर होतं.

तिन्ही नोटा मी वैशालीच्या हातावर ठेवल्या. तिने मोजल्या नाहीत. फिटले एकदाचे, म्हणाली आणि किल्ली माझ्या खुंटीला परत अडकवली.

दापोलीच्या गाडीला मी अजून टपरीवर जाते. कंडक्टर लांबूनच मान हलवतो. सहाशेच्या सहाशे आले, आमच्यात आता घेणं-देणं काही उरलं नाही. दहा रुपये तरी तिने ठेवून घ्यायला हवे होते.