उलंगवाडीनंतरची वाट

शेजारचे दिवाकरभाऊजी रोज सकाळी एटीव्हीच्या, म्हणजे चार जाड चाकांच्या उघड्या गाडीच्या, मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गडवा बांधून रानात निघत. परत आले की फाटकाशी उतरून आधी गडव्यात डोकावत आणि कुंपणापलीकडून मला निकाल सांगत. “वहिनी, अर्ध्याच्या वर सांडला. ही वाट बाद.” एखाद्या दिवशी पाणी जवळजवळ तसेच असे. त्या दिवशी ते शीळ घालत घरात जात.

मिहिर, सई, माझ्या नातवंडांनो, तुम्ही सुट्टीत डोंगरात एटीव्ही चालवल्याचा व्हिडिओ पाठवलात, तेव्हा मला हेच आठवले. तुमच्याकडे वाटेवर पाट्या होत्या, नकाशा होता, पुढे वाटाड्या होता. आमच्या बोरगाव मेघेत यातले काही नाही. वर्ध्यातले हार्डवेअरचे दुकान बंद केल्यावर भाऊजींनी ती जाड चाकांची गाडी कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टमधून आणली. तिला नंबर नव्हता, म्हणून डांबरी रस्ता वर्ज्य. कॉलनी संपते तिथून शेते सुरू होतात आणि शेतांच्या मधून बैलगाड्यांच्या जुन्या वाटा जातात. त्यांना इकडे पांदण म्हणतात. गुराख्यांना विचारत, चाकोऱ्या धरत, कोरड्या नाल्यात उतरून पलीकडे चढत ते वाटा शोधायचे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने एकदा विचारले, “शेटजी, सर्कशीत भरती होऊन राह्यले काय?” भाऊजी म्हणाले, “हो ना. जोकर भेटून नाई राह्यला, तू येतं काय?”

हा सगळा खटाटोप मालतीताईसाठी होता. भाऊजींची बायको, माझी मैत्रीण. लग्नाआधी माहेरी, आंजीच्या शिवारात पायी हिंडलेली बाई मणक्याच्या दुखण्याने खिडकीपाशी बसली होती. भाचा तिला मोटारीतून माहेरी नेऊन आणी, पण तिचे समाधान होत नसे. “गाडीतून गावं दिसतात, रान नाई दिसत,” ती म्हणे. तिला माहेरच्या शेतातले मोहाचे झाड पाहायचे होते, आणि तिथवर मोटार जात नाही. बैलगाडीचा हिसका तिला सोसला नसता. भाऊजींनी वेताच्या जुन्या खुर्चीची पाठ कापून मागच्या सीटला बसवली, पट्टा लावला आणि वाट शोधायला लागले. गाडी जोरात पळवण्यातली मजा त्यांनी कधी घेतलीच नाही. “वाट चांगली का वाईट, हे चालवणाऱ्याले नाई इचारायचं. मागं बसणाऱ्याले इचारायचं,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. मागे बसणारी अजून बसायची होती, म्हणून तिच्या जागी गडवा.

नाल्यापर्यंत आणि नाल्यापलीकडेही चांगली वाट मिळाली. मोहापासून थोड्या अंतरावर मात्र पांदण लगतच्या शेतांत नांगरली जाऊन गडप झालेली. तिथून पुढे गजानन नावाच्या शेतकऱ्याच्या शेतातूनच जावे लागणार होते. आता आपल्याकडची एक रीत सांगते. कापसाची शेवटची वेचणी झाली की त्याला उलंगवाडी म्हणतात. मग शेत सगळ्यांना मोकळे होते. कोणाची गुरे चरोत, कोणी आडवे जावो, मालक हटकत नाही. पुन्हा नांगर लागेपर्यंत रानात हव्या तितक्या वाटा असतात, आणि माती पायाखाली पिठासारखी मऊ झालेली असते.

भाऊजींनी आजूबाजूच्या शेतांत बकऱ्या पाहिल्या, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पाहिल्या आणि उलंगवाडी झाली असे धरून गाडी सरळ आत घातली. पण गजाननने विहिरीचे पाणी देऊन पीक राखले होते. झाडांना अजून बोंडे होती. बरीच झाडे मोडली. गजानन ओरडला नाही. म्हणाला, “काकाजी, आमची उलंगवाडी तुम्हीच ठरवून टाकली काय?” आणि दुसऱ्या दिवशी तिथे बोरीच्या काट्यांचा ढीग पडला.

भाऊजी घरात बसून राहिले. एवढ्याशा कापसासाठी एवढा ताठा, असे मला दोनदा म्हणाले. मालतीताई आतून म्हणाली, “दुकानात गिऱ्हाईक न इचारता गल्ल्यापर्यंत आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?”

ते पायी गेले. माफी मागितली. गजानन म्हणाला, शेवटची वेचणी होऊ द्या, मग या. ती कधी होणार, ते त्याला तरी कुठे ठाऊक होते. वेचायला बाया मिळत नव्हत्या. तेव्हा भाऊजी स्वतःच कमरेला कापूस भरायची ओटी बांधून वेचायला उभे राहिले. जन्मभर खिळे-बिजागऱ्या विकलेला माणूस. बोंडाच्या टोकांनी बोटे फाटली. एका बाईने विचारलेच, “काकाजी, कापूस वेचून राह्यले का खिळे मोजून राह्यले?” पण ते रोज जात राहिले. शेवटची ओटी रिकामी झाली, तेव्हा गजाननने त्या काट्या आपल्या हाताने बाजूला ओढल्या.

त्या सकाळी मालतीताईला पट्टा मी बांधला. ती ठेवणीतले लुगडे नेसली होती. पळस फुललेला होता. गाडी इतकी हळू निघाली की कॉलनीतले कुत्रेसुद्धा भुंकता भुंकता कंटाळून बसले. दुपारी परत आली तेव्हा तिच्या ओच्यात मोहाची फुले होती आणि ती दुखते आहे असे एकदाही म्हणाली नाही. नांगरटी लागेपर्यंत ती अधूनमधून जात राहिली. पावसाळ्यात ती गेली.

त्यानंतरही उन्हाळा लागला की कुंपणापलीकडे गाडी सुरू होई. गडवा नसे. परत आल्यावर ते काही सांगत नसत, मीही विचारत नसे. त्या आवाजावर मी चहा ठेवी, एवढेच. यंदा दिवाळीत मुलीने त्यांना पुण्याला नेले. आता त्या बाजूला सकाळ शांत असते.

परवा गजानन आला. उलंगवाडी झाली हे सांगायला आला होता, तर घराला कुलूप. मी त्याला ओसरीत बसवून चहा दिला. तो म्हणाला, गेल्या वर्षी भाऊजी एकटेच त्याच्या शेतातून जाताना त्याने थांबवून विचारले होते, “काकाजी, आता काऊन एवढे हळू? मागं तर कोणी नाई.”

भाऊजी हँडलवरच्या आपल्या हातांकडे बघत म्हणाले होते, “हात तसाच बसला रे. आता त्याले जोरात जाता येत नाई.”