पाच खांबांचा डबा

"मला खायला सांगू नका, चढायला सांगा." हे दिवेकाकांचं ठरलेलं वाक्य. पाहुण्यांकडे आग्रह झाला की हेच, दवाखान्यात कुणी पथ्य सांगितलं की हेच, आणि काकूंनी ताटात न विचारता काकडी वाढली की तेव्हाही हेच, फक्त जरा हळू आवाजात.

रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करणं हे त्यांचं काम. सत्तावीस वर्षं ते खांबांवर चढत होते. खाली चालणाऱ्यांना रस्ता दिसतो, काकांना तो वरून दिसे. कुणाच्या कौलांत पाखरांनी घर केलंय, कुणाच्या गच्चीत टोमॅटो लाल झालेत, कोणती म्हातारी खिडकीत बसून अजून वाट बघते, हे सगळं त्यांना ठाऊक. वारा सुटला की खांब किंचित डोले आणि काका त्याच्याबरोबर डोलत. पाळण्यात झोपलेल्या बाळाला जे सुख असतं ते मला पगार घेऊन मिळतं, असं ते म्हणत.

खांबवाल्यांचा एक जुना नियम होता. कमरेचा पट्टा सकाळी ज्या भोकात अडकवला, दिवसभर त्याच भोकात राहिला पाहिजे. पोट भरलं की पट्टा आवळतो, वाकताना श्वास अडतो. म्हणून ही मंडळी सकाळी चहावर निघत आणि शेवटचा खांब होईपर्यंत तोंडात काही टाकत नसत. मग चार वाजता जे बसत, ते ताटाचा तळ दिसेपर्यंत उठत नसत. काका तर भाताचा डोंगर रचायचे, त्यावर बटाटे, वर गोड काहीतरी, आणि जेवून तिथेच आडवे. सगळे खांबवाले असंच जेवत. त्यात काही चुकतंय हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

ते डॉक्टरांच्या लक्षात आलं. कचेरीत होणाऱ्या वर्षाच्या तपासणीत काकांच्या रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि चष्म्यावरून पाहत म्हणाले, "तीन महिने देतो. साखर खाली आली नाही, तर तुम्हाला भांडारात बसवावं लागेल. वर चक्कर आली तर जबाबदार कोण?"

भांडार म्हणजे खिडकी नसलेली एक खोली. तिथे खोक्यांतले बल्ब मोजायचे आणि संध्याकाळी परत मोजायचे. काका घरी आले ते चेहरा पाडून.

"म्हणजे मला जिवंतपणीच खोक्यात घालणार," ते म्हणाले.

"अभद्र बोलू नका," काकू म्हणाल्या. "आणि त्या बटाट्यांकडे असं आशेनं बघूही नका."

आता मदतीला धावला मेहुणा. काकूंचा धाकटा भाऊ, अंगानं काडी आणि सल्ल्यांनी धष्टपुष्ट. आदल्या वर्षी त्याला रस पिण्याचा नाद होता, त्याआधी पानं चावण्याचा. "भाऊजी, माझं ऐका," तो म्हणाला. "दिवसातून एकदाच खायचं. तेसुद्धा या बिया." त्यानं पिशवी काढली. परदेशातून आलेल्या, मुंगीच्या डोक्याएवढ्या काळ्या बिया. पाण्यात टाकल्या की बेडकाच्या अंड्यांसारख्या फुगत.

"हे खायचं की पाळायचं?" काकांनी विचारलं.

पण भांडाराची भीती मोठी. काकांनी एकवीस दिवस बिया गिळल्या. भात बंद, बटाटे बंद. माणूस चिडका झाला. शेजारच्या मांजरावरसुद्धा खेकसू लागला. काकू वैतागून म्हणाल्या, "तुमची साखर उतरेल तेव्हा उतरेल, जिभेवरची मात्र पार संपली."

बाविसाव्या दिवशी भाजीबाजारातल्या नवव्या खांबावर काकांना भोवळ आली. समोरची छपरं पाण्यात दिसावीत तशी हलली आणि हातातला पेचकस सुटला. खाली भाजीवालीच्या तराजूत टण्णकन पडला. सत्तावीस वर्षांत काकांच्या हातून वरून काही पडलं नव्हतं. त्यांनी खांबाला मिठी मारली, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळानं एकेक पायरी चाचपत उतरले.

शिडी धरणारा त्यांचा जोडीदार, वीस वर्षांपासूनचा सोबती, पांढराफटक पडला होता. त्यानं काकांना फुटपाथवर बसवलं, भाजीवालीनं दिलेलं केळं त्यांच्या तोंडात कोंबलं आणि मग शिव्या घातल्या. "आज पेचकस पडला. उद्या तू पडशील, आणि मी काय शिडी घेऊन तुझ्या बायकोकडे जाऊ? चल उठ, दवाखान्यात आहाराच्या बाई बसतात, त्यांना दाखव."

बाई वयानं काकांच्या लेकीएवढ्या. काकांना वाटलं, आता ही पथ्याचा तक्ता काढणार. बाईंनी तक्ता काढला नाही. आधी त्या रागावल्या. "साखरेची गोळी घेऊन उपाशी चढता? कुणी सांगितलं?"

"मेहुण्यानं."

"तो खांबावर चढतो का?"

"तो जिनासुद्धा धापा टाकत चढतो."

बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, दिवसाला किती खांब होतात? एका खांबाला किती वेळ लागतो? मध्ये बसायला जागा असते का? काका खुललेच. आजवर कुणी त्यांना पोटाबद्दल बोलताना खांबांबद्दल विचारलं नव्हतं. त्यांनी पट्ट्याचा नियम सांगितला, चार वाजताचा डोंगर सांगितला. बाई ऐकत राहिल्या. त्यांनी पट्टा हातात घेऊन भोकं पाहिली.

"नियम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तो पोट गच्च भरू नका सांगतो, रिकामं ठेवा नाही सांगत. दिवसभर उपास आणि चारला डोंगर, त्यानं साखर उड्या मारते. तुमच्या कामात घड्याळ चालायचं नाही. आपण खांब मोजू. निघण्यापूर्वी घरी थोडं खा. मग दर पाच खांबांनंतर खाली बसून चार घास. पट्ट्याचं भोक बदलणार नाही इतकेच."

"बियांचे?"

"बिया आवडतात?"

"देवाशप्पथ नाही."

"मग कशाला? वर्षानुवर्षं जमेल तेच लिहिते. आवडतं काय?"

काका खाली मान घालून म्हणाले, "बटाटा."

"एक. उकडलेला. बरोबर कडधान्य, अंडं, आणि बाजारात असेल ती भाजी भरपूर. भात मुठीएवढा. गोड मात्र विसरा."

जोडीदाराचा निरोप मिळताच धावत आलेल्या काकू दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, यांच्यासाठी वेगळी चूल मी मांडणार नाही. आधीच सांगते."

"मांडूच नका. सगळ्यांनी हेच खा."

बाईंनी पेन्सिलीनं लिहून दिलं. पंधरा दिवसांनी या, न जमलेलं खोडू, असं म्हणाल्या. पहिल्या फेरीत दुधी खोडला गेला, दुसऱ्या फेरीत डॉक्टरांना विचारून गोळी निम्मी झाली. पाचव्या खांबाखाली काका आणि जोडीदार डबा उघडून बसू लागले. पाहता पाहता इतर खांबवालेही बसू लागले आणि एकमेकांच्या डब्यांत डोकावू लागले.

तीन महिने भरले. कचेरीच्या अंगणात बाकावर काकू बसल्या होत्या, शेजारी मेहुणा. आतून डॉक्टरांची तपासणी आटपून काका आले. चेहऱ्यावर ऊन आणि सावली एकदमच.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"उतरलीय. पण अजून जागेवर नाही. साधे खांब मिळाले. चौकातला उंच दुसऱ्या कुणाला देतायत."

चौकातला खांब सर्वांत उंच. तिथून नदीचं वळण दिसे. मेहुणा सल्ला देण्यासाठी तोंड उघडणार, तोच काकूंनी त्याच्या हातावर उकडलेलं अंडं ठेवलं. "हे खा आणि गप्प बस."

"वर्षानं बघू म्हणालेत," काका म्हणाले. त्यांनी पट्टा कमरेला बांधला, नेहमीच्या भोकात. भिंतीला टेकलेल्या शिडीचं पुढचं टोक खांद्यावर घेतलं. मागचं टोक जोडीदारानं घेतलं. दोघं फाटकातून निघाले, दिवसाच्या पहिल्या खांबाच्या दिशेनं, एकाच चालीत.

वळणावर आधी काका दिसेनासे झाले. मग कितीतरी वेळ शिडीच जात राहिली, पायरीमागून पायरी. काकू उठून फाटकापर्यंत गेल्या आणि डोळ्यांवर हात आडवा धरून बघत राहिल्या. त्यांच्यामागे मेहुणा उभा होता, तोंडात अंडं, गप्प. आणि वरच्या खिडकीत डॉक्टर, चष्मा काढून पुसत.