सुमनची नऊ पानं

अर्धं पुस्तक विकायचं नाही, हा रंभाजीचा हट्ट होता आणि त्या हट्टापायी तिसगावातले लोक त्याला खुळ्यात काढायचे. रद्दीतून आलेली पुस्तकं ती, नवरीसारखी नटूनथटून थोडीच येणार? कुणाचा पुठ्ठा उंदरानं खाल्लेला, कुणाची शेवटची पानं वाण्याच्या पुड्यांत गेलेली. लोक म्हणायचे, विकून टाक, घेणाऱ्याचं नशीब. रंभाजी म्हणायचा, "म्हंजे मानसाला अर्ध्या रस्त्यात उतरवायचं? आपल्याला न्हाई जमायचं."

ह्याला कारण होतं. लहानपणी हाती पडलेल्या पहिल्याच पुस्तकाला शेवट नव्हता. जत्रेत हरवलेला भाऊ सापडला की नाही, हे कळायला रंभाजीला बावीस वर्षं लागली. नगरच्या एका विहारातल्या कपाटात दुसरी प्रत मिळाली तेव्हा कळलं. सापडला होता.

नगरला एका बाइंडरकडं शिलाई शिकून तो गावी परतला आणि एसटी स्टँडसमोर, पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या पुस्तकांचं दुकान मांडून बसला. पानं हरवलेली पुस्तकं वरच्या फळीवर ठेवायचा. तिला तो लंगडी फळी म्हणायचा. गिऱ्हाईक आलं की पहिला सवाल, "ह्यातलं कोन्चं वाचलंय का?" वाचलंय म्हणालात की संपलं. स्टुलावर बसवून, चहा पाजून, कोरे कागद पुढं करून तो हरवलेली पानं आठवतील तशी लिहून घ्यायचा. मग ती दोऱ्यानं शिवून, खळ लावून पुस्तकात बसवायची आणि खाली एक ओळ लिहायची, 'ही पानं आठवणीतून लिहिली,' आणि लिहिणाऱ्याचं नाव. एसटीतल्या गोरक्षनाथ कंडक्टरनं एकदा एका लढाईची सात पानं लिहून दिली. वर्णन यथातथाच, पण किती घोड्यावर चढले आणि किती पडले, तो आकडा मात्र चोख.

अशी पानं हातात घेतली की रंभाजीला भरून यायचं. छापलेलं फाटतं, भिजतं, भेळ बांधायला जातं, आणि तेच कुठल्या तरी माणसाच्या डोक्यात वीस वीस वर्षं शाबूत बसलेलं असतं! ह्या नवलाची त्याला कधी सवय झाली नाही.

त्र्याण्णव साली लंगड्या फळीवर एक कादंबरी आली. सुमन नावाच्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाईची. शेवटची नऊ पानं गायब. शाळेतून निवृत्त झालेल्या प्रेमलाबाईंनी ती पूर्वी वाचलेली होती. त्यांनी एका बैठकीत, मोत्यासारख्या अक्षरात, नऊ पानं लिहून दिली. त्यात सुमन तिशी उलटल्यावर दहावीला बसते आणि पास होते.

ती कादंबरी कडूबाईनं नेली. तिलाही नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेलं. शाळा आठवीत सुटलेली, आणि आता दिवसभर बाजारात कांदा निवडायचा. महिन्याभरानं ती दुकानात आली ती विचारतच, "मामा, सतरा नंबरचा फारम कुठं मिळतो?" शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा तो फॉर्म. रंभाजी तिला प्रेमलाबाईंकडं घेऊन गेला. बाईंनी फॉर्म भरून दिला आणि रोज संध्याकाळी गणितही घ्यायला लागल्या. कुणी हसलं की कडूबाई म्हणायची, "सुमन बसली, मग मला काय धाड भरलीय?"

पंचाण्णवच्या फेब्रुवारीत, परीक्षा तोंडावर आलेली असताना, घोडेगावहून आलेल्या रद्दीच्या पोत्यात तीच कादंबरी निघाली. अख्खी. रंभाजीनं उभ्या उभ्या शेवट उघडला. सुमन विहिरीत उडी घेते.

भरदिवसा दुकान बंद करून, ते पुस्तक घेऊन तो प्रेमलाबाईंच्या दारात गेला. "बाई, सुमनचा शेवट इसरला हुता का तुमी?"

"विसरले नव्हते," बाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं शाळेत होते मी. असल्या किती सुमना पाहिल्या. विहिरीपर्यंत आले आणि हातच चालेना, रंभाजी."

"आन् मी खाली लिवलं, आठवनीतून म्हनून! मला खोटं विकायला लावलं तुमी."

बाईंनी पुढं केलेलं पाणीही न घेता तो माघारी आला. राग बाईंचा होताच, पण खरा घोर कडूबाईचा होता. सांगावं तर ऐन परीक्षेत तिचं अवसान गळणार. न सांगावं तर आजवर पाळलेला शब्द मातीत गेला. आठ दिवस पुस्तक बाकाखाली पडून राहिलं.

शेवटी त्यानंच तिला बोलावलं आणि पुस्तक पुढं ठेवलं. "हा खरा शेवट हाय, कडूबाई. तू वाचला त्यो बाईंनी मनानं लिवलेला."

कडूबाई स्टुलावर बसून वाचायला लागली. बोट ओळींवरून सरकत गेलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं. रंभाजीला तिच्याकडं बघवेना.

"बिचारी," पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "हिला कुनी प्रेमलाबाई भेटली न्हाई."

तिनं पुस्तक परत त्याच्या हातात दिलं. मग ती म्हणाली, "मामा, ती नऊ पानं ह्यालाबी शिवा. विहिरीपत्तुर आलेल्या मानसाला फुडचं वाचू द्या की."

अख्ख्या पुस्तकाला रंभाजीनं जन्मात जादा पान शिवलं नव्हतं. पण तो पुन्हा बाईंच्या दारात गेला, ह्या वेळी पाणी प्यायला, आणि नऊ पानं पुन्हा लिहून घेऊन आला. शिवून झाल्यावर खालच्या ओळीशी हात अडला. 'आठवणीतून' लिहिता येईना, आणि दुसरं काही सुचेना. ती ओळ त्यानं कोरीच ठेवली.

जूनमध्ये निकाल लागला. कडूबाई स्टँडवरून तडक दुकानात आली. गणितात काठावर, पस्तीस. पेढा पुढं करायच्या आधी तिनं पेन मागितलं, पुस्तक उघडलं आणि कोऱ्या ओळीवर सावकाश लिहिलं, 'ही पानं खरी आहेत. कडूबाई, दहावी पास.'

लिहिलेलं आठवणारी माणसं रंभाजीनं पुष्कळ पाहिली होती. लिहिलेलं घडवून आणणारं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ते तर त्याच्याच स्टुलावर बसून पेढा खात होतं. शाई वाळेपर्यंत त्यानं पुस्तक मिटलं नाही.