एमएस्सी बायको, नववी नवरा

लोक म्हणतात, मला दुसऱ्यांच्या घरात फार लक्ष. आता आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये समोरासमोरच्या दारांत चार फुटांचं अंतर. मी कान झाकून बसले तरी किस्से फोडणीच्या वासासारखे घरात शिरतात. त्यात समोर प्राजक्ता आणि हरेश. वीस वर्षं पुरतील एवढे किस्से तीन वर्षांत जमले.

प्राजक्ता डोंबिवलीची. गणितात एमएस्सी, ठाण्याच्या कॉलेजात शिकवते. हरेश कोलशेतचा, पाण्याच्या पंपांची कामं करतो. कॉलेजची मोटर बिघडली म्हणून गेलेला, तिथेच जमलं.

*

प्राजक्ताचे वडील गणिताचे रिटायर्ड शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणतात. हरेश त्यांना पहिल्यांदा भेटायला गेला, तेव्हा त्यांनी विचारलं, शिक्षण किती?

"नववी."

सरांनी चष्मा पुसायला घेतला. ह्याला वाटलं, कमी पडलं. म्हणून पुढे म्हणाला, "पण दोनदा केलीय."

हे सांगताना प्राजक्ता अजून पोट धरून हसते. सर नाही हसले. लग्नाला आले, रजिस्टरवर सही केली आणि जाताना म्हणाले, "जावई दहावी पास झाले की घरी येईन." तेव्हापासून आई येते, सर नाही. रविवारी फोन मात्र न चुकता. फोन ठेवला की ही पोरगी बराच वेळ खिडकीत उभी असते. ते बघून मला माझी भाजी गोड लागत नाही.

*

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने हरेशला मुद्दाम डिवचलं. काय रे, घरात कोणाचं चालतं?

"जिला कळतं तिचं."

"मग तुझं कधी चालणार?"

"मला कळलं की."

पुढचा विषय पार्किंगचा होता, तो लगेच घेतला.

*

मला आपलं वाटायचं, पुस्तकी पोरगी, हाताने काय येणार तिला? निदान तिथे तरी हरेश भारी असेल. तर आमच्याच बिल्डिंगचा पंप बंद पडला. रविवारी सकाळपासून हरेश गच्चीवर पाइपांशी कुस्ती खेळतोय. ही चहा घेऊन गेली, मी मागोमाग, रिकामी बादली हातात, म्हणजे कारण असावं. तिने दोन मिनिटं बघितलं. "हरेश, हा व्हॉल्व्ह उलटा बसलाय का?"

मी बादली खाली ठेवली. पुरुषमाणूस, स्वतःचा धंदा, आणि बायको चूक काढतेय!

त्याने खोलून बघितलं. उलटाच होता. संध्याकाळपर्यंत जिन्यात भेटेल त्याला सांगत होता, माझ्या बायकोने पकडलं.

हा किस्सा मी आमच्या ह्यांना दोनदा सांगितला. दुसऱ्यांदा त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

*

मग एक दिवस हरेशने गुपचूप सतरा नंबरचा फॉर्म भरला. म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावी. रोज संध्याकाळी प्राजक्ता शिकवायला बसायची आणि मी दारामागे कोथिंबीर निवडायला.

"अरे, हे तर उघड आहे."

"कोणाला?"

तिसऱ्या दिवशी ती रडली. चौथ्या दिवशी हा पुस्तक घेऊन माझ्या दारात. "काकू, तुम्ही शिकवा."

म्हटलं, बाबा रे, मी स्वतः दहावीला गणितात गेलेली. मग लग्नच झालं.

"म्हणून तर. मला काय कळत नाही, ते तिला कळत नाही. तुम्हाला कळेल."

आठवडाभर बसलो. शेवटी मीच त्याला विचारायला लागले, तेव्हा क्लास बंद केला. पण तो थांबला नाही. पंपाच्या कामाला जाताना स्कूटरच्या डिकीत पान्यांबरोबर बीजगणित असायचं.

*

हरेशची आई कोलशेतहून आलेली. मला बाजूला घेऊन म्हणाली, एवढी शिकलेली सून, आमच्या पोराला कंटाळली तर? प्राजक्ताने किचनमधून ऐकलं. हात पुसत बाहेर आली.

"आई, माझ्या कॉलेजात सगळेच हुशार आहेत. 'मला नाही कळलं' असं सरळ म्हणणारा एकच भेटला मला. तो मी घरी आणला."

*

आता शेवटचा. रिझल्ट लागला. सगळे विषय सुटले, गणित राहिलं. प्राजक्ता म्हणाली, जुलैत परत परीक्षा आहे, तोवर बाबांना काही सांगू नकोस. हरेशने मोबाइल उचलला आणि तिच्यासमोरच सरांना लावला.

"सर, नापास. गणितात." मग पलीकडचं ऐकून, "नाही, पेपर सोपा होता. मलाच नाही आला."

पलीकडून फोन कट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्यांची बेल वाजली. दार आधी मीच उघडलं, म्हणजे माझं. बाहेर सर. खांद्याला कापडी पिशवी, तीन जिने चढून धाप लागलेली. मग हरेशने त्यांचं उघडलं. सर चपला काढत म्हणाले, "इतकी वर्षं शिकवलं. पोरं नापास झाली की लपवतात. फोन करून कळवणारे तुम्ही पहिले."

प्राजक्ता धावत आली. तिला म्हणाले, "तू बाजूला हो. तुझं कधी अडलं नाही, तुला नाही शिकवता येणार."

आत जाऊन सतरंजीवर बसले, पुस्तक उघडलं. "कुठे अडलं?"

हरेश पानं मागे उलटत गेला. मागे, आणखी मागे. मग एका पानावर बोट ठेवलं. सरांनी मान हलवली. चष्मा वर केला आणि दारातून पुस्तकाकडे मान ताणणाऱ्या माझ्याकडे बघितलं.

"आणि तुमचं?"

मी म्हटलं, "त्याच्या दोन पानं आधी."

"मग तिथून सुरू करू," सर म्हणाले. "बाहेर काय उभ्या? या आत, आपलंच घर आहे."